काळ्या खोलीची किल्ली

रूपराव उईक्यानं किल्ली चोरली, हे आमच्या कॉलेजात शेंबड्या पोट्ट्यालेही माहीत आहे. ते खोटं आहे. किल्ली म्या देल्ली होती, माह्या हातानं, अन् वरून त्याईलेच चार शब्द सुनावले होते. आज सकाळी ऑफिसात तसं लिहून देऊन आलो. क्लर्कनं अर्ज दोनदा वाचला अन् म्हणे, भोयरबाबू, तब्येत बरी आहे ना. म्हटलं, आत्ताच बरी झाली, शिक्का मार.

मी नागेश भोयर. वर्ध्याच्या भोवताल जी मेडिकल कॉलेजं आहेत त्यातल्या एकात स्टोअरकीपर आहो. कोणत्या ते विचारू नका. बाटल्या, हातमोजे, रसायनं, सगळं माह्या रजिस्टरातून जाते. माहा स्वभाव तिखट आहे, बायको म्हणते घरच्या भाजीत मिरची टाकायची गरज नाई. पण ही गोठ माही नाई, रूपरावजीची आहे. माहं फक्त पाप आहे त्याच्यात.

रूपरावजी कारंजा घाडग्याच्या पलीकडच्या, जंगलाले लागून असलेल्या एका टोल्यावरचे, म्हणजे लहानशा पाड्यावरचे. घरात गोंडी बोलत, बाहेर आपली वऱ्हाडी. आमच्या कॉलेजात ते नोकरीसाठी आले नव्हते, बायकोले घेऊन आलते. रामबाई तिचं नाव. वर्षभर ती म्हणत होती, पोट भरल्यासारखं वाटते, दोन घासाच्या वर जात नाई. रूपरावजी म्हणत, गॅस आहे, ओवा खा. गावातल्या डॉक्टरनंही गॅसच्याच गोळ्या देल्ल्या. पोट चांगलं वर आलं तवा इकडं आणली, तं अंडाशयाचा कॅन्सर निघाला, अन् तोही पोटभर पसरलेला. ऑपरेशन झाल्यावर सर्जननं त्याईले समजावून सांगतलं, मोठी गाठ काढली, पण ज्वारीच्या कण्यांसारखे बारीक दाणे आतड्यांवर, पडद्यावर, सगळीकडं चिकटून आहेत, ते एकेक वेचता येत नाई.

आठ महिने ती वॉर्डात आत-बाहेर करत होती. त्या आठ महिन्यांत हा माणूस रिकामा बसला नाई. कोणाचं पाणी आण, कोण्या म्हातारीले एक्स-रेले ने, सांडलं तं पुसून टाक. ती गेली, अन् तिसऱ्या महिन्यात ठेकेदारानं त्याईले आमच्या संशोधन विभागात अटेंडंट म्हणून लावलं. काचेची भांडी धुवाची अन् उंदरांचे पिंजरे पाहाचे.

मले नवल वाटलं. म्हटलं, "रूपरावजी, बायको जिथं गेली तिथंच नोकरी करता? घरी काऊन नाई जात?"

ते म्हणाले, "घरी गेलो का ओव्याचा डबा दिसते बाबू."

मग म्या पुन्हा विचारलं नाई.

नऊ वर्षं होते ते आमच्याकडं. भांडी धुवाची त्याईची एक रीत होती. नळाच्या पाण्यानं तीनदा, मग शुद्ध पाण्यानं तीनदा, अन् मोजत गोंडीतून. उंदी, रंड, मुंद. कोणी मधात बोललं का पुन्हा पहिल्यापासून. मी चिडवत होतो, रूपरावजी, बिकराची आंघोळ राह्यली का लग्न? ते हसत अन् पुन्हा उंदीपासून सुरू करत. उंदरांशीही गोंडीतच बोलत. नव्या पोरापोरींले वाटे म्हातारा बयाड आहे, डोकं फिरलं याचं, पण त्यांच्या हातात उंदीर चावत होते अन् याईच्या हातात झोपत होते.

अन् खोटं बोलणं त्या माणसाले जमतच नव्हतं. एखादा फ्लास्क फुटला तं तुकडे पेपरात बांधून माह्या टेबलावर आणून ठेवत. "माह्या हातून फुटला बाबू." बाकीचे लोक कचऱ्यात टाकून मोकळे होतात, माहा कागद वाचते. याईच्या इमानदारीपायी मले दरवेळी तीन फॉर्म भरावे लागत. मी वैतागून म्हणो, "एवढं सांगायची गरज आहे काय?" ते म्हणत, "मंग कोण सांगीन?"

पाच-सहा वर्षांमागं आकांक्षा मॅडम आल्या, पीएच.डी. कराले. बारीकशी पोरगी, चष्मा नाकावर, डबा खाताना पण कागद वाचणारी. एक दिवस रूपरावजीनं सरळ विचारलं, मॅडम, हे उंदरांले काय देऊन राह्यले तुमी? दुसरं कोणी असतं तं म्हणलं असतं, तुम्हाला नाही समजणार. ह्या बाईनं हातातलं काम ठेवलं अन् आम्हा दोघांले समजावून सांगतलं.

म्हणाल्या, "अंडाशयाच्या कॅन्सरसाठी आहे. हे औषध असं आहे की अंधारात काहीच करत नाही. त्याच्यावर लाल उजेड पडला की ते जागं होतं, आणि जिथं असेल तिथली गाठ जाळतं. अडचण ही आहे की रक्तात सोडलं की ते अंगभर पसरतं, गाठीपर्यंत थोडंच पोचतं. मग माणूस उन्हात गेला की कातडीच भाजते. म्हणून मी ते चरबीच्या बारीक फुग्यांत भरते आहे. फुगा गाठीपाशी जाऊन थांबला पाहिजे, आणि आपण उजेड टाकला की तिथंच फुटला पाहिजे. आधी नाही."

रूपरावजीनं हातातला बिकर खाली ठेवला अन् म्हणाले, "म्हणजे त्या कण्या, ज्या डॉक्टरच्या हाताले सापडत नाई, त्या उजेडाले सापडतीन?"

मॅडम म्हणाल्या, "तेच पाहतो आहोत, रूपरावजी."

त्याईनं तोंड फिरवलं अन् नळ सुरू केला. त्या दिवसापासून मॅडमची भांडी ते चारदा धुवाले लागले.

ते औषध ज्या खोलीत राहे तिले आम्ही काळी खोली म्हणो. काचांवर काळा कागद, आत एक मंद बारका दिवा, तोही मॅडमनं मोजून लावलेला, अन् बाटल्या चमकीच्या कागदात गुंडाळलेल्या. दारावर पाटी, 'उजेड करू नये.' किल्ल्या दोन. एक मॅडमजवळ, एक माह्या ड्रॉवरात. मॅडमनं मले दोनदा बजावलं होतं, भोयरबाबू, मोबाइलचा टॉर्चसुद्धा नाही. म्हणजे मले माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाई मले.

परवाच्या नाई, त्याच्या आधीच्या दसऱ्याची गोठ. आमच्याकडं दसऱ्याले सगळ्या मशिनींची पूजा होते. सुताराच्या घरी करवत पूजतात, तसं आमच्या इथं मायक्रोस्कोपले हळदकुंकू अन् सेंट्रिफ्यूजले झेंडूची माळ. मोठमोठे डॉक्टरही हात जोडून जातात, कोणी हसत नाई. मॅडम घरी गेल्या होत्या. जायच्या आधी औषध तयार करून काळ्या खोलीत ठेवलं होतं, सोमवारी सतरा उंदरांले द्यायचं होतं.

अकराच्या सुमाराले पूजा उरकली. माह्या घरी साळा आलता कुटुंब घेऊन, बायकोचे फोनवर फोन सुरू. मी पिशवी उचलली तं रूपरावजी समोर उभे. हातात पितळेचा दिवा, त्यात घरून आणलेलं मोहाच्या बियांचं तेल.

"बाबू, मॅडमच्या औषधाले पण एक दिवा दाखवू का?"

"दाखवा ना, कोणं अडवलं?"

"दारावर उजेड करू नये म्हणून आहे."

"ते ट्यूबलाईटीचं लिहून आहे हो. देवाच्या दिव्याचा कोणता आला उजेड?"

"अन् बाटल्यांवर कागद आहे. तो काढावा लागीन काय?"

तवा मी जे बोललो ते मले अजून ऐकू येते. म्हटलं, "झाकून पूजा होते काय कधी? नऊ वर्षं कॉलेजात राहून एवढंही समजत नाई तुमाले. घ्या किल्ली, अन् मग ड्रॉवरात टाकून द्या." असं म्हणून किल्ली त्याईच्या हातावर ठेवली अन् गाडीले किक मारली. मले माहीत होतं, मॅडमचा टॉर्चचा शब्द ध्यानात होता. पण घरी पुरणपोळी वाट पाहून राह्यली होती अन् मले घाई होती. एवढंच कारण आहे. याच्यापेक्षा मोठं कारण असतं तं मले थोडं बरं वाटलं असतं.

दिवा फुंकून विझवत नाई. तेल सरलं का तो आपल्या मनानं शांत होते. तोवर त्याले एकटं सोडून जाणं बरं नाई, आग लागली तं काय घ्या, म्हणून रूपरावजी त्या खोलीत जमिनीवर बसून राह्यले. तीन तास. समोर सगळ्या बाटल्या उघड्या, ओळीनं, प्रत्येकीले कुंकवाचं बोट. त्याईनं मले मागून सांगतलं, बाटल्यांशी ते रामबाईबद्दल बोलले. म्हणाले, तिच्या टाइमाले तुमी नव्हत्या, दुसऱ्या कोण्या बाईच्या टाइमाले राहा. मग दिवा शांत झाला, कागद होता तसा गुंडाळला, कुंकू पुसलं, किल्ली ड्रॉवरात टाकली.

सोमवारी मॅडमनं ते औषध उंदरांले देल्लं. दोन दिवसांनी उंदरांचे कान लालभडक झाले, पाठीची कातडी सोलली. फुगे आधीच फुटलेले होते, औषध अंगभर पसरलं. अन् पोटातल्या गाठी होत्या तेवढ्याच. सतरापैकी नऊ उंदीर आठवड्यात मेले. रूपरावजी एकेकाले हातात घेऊन भाजलेल्या कानाले मलम लावत होते. गोंडीत बोलणं मात्र बंद झालं होतं.

मॅडम पिंजऱ्याच्या खोलीबाहेर पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझे फुगेच फुटके निघाले, रूपरावजी. चार वर्षं मी चुकीच्या वाटेनं गेले." सरांनी त्याईले सांगतलं होतं, महिनाअखेर हे सोडा, दुसरा सोपा विषय घ्या, उगाच वर्षं घालवू नका. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. वाईट माणूस नाई, पण घड्याळ पाहणारा.

त्याच दिवशी रूपरावजी माह्या स्टोअरात आले अन् दार लोटलं.

"बाबू, दिव्यानं झालं ते."

मले पहिल्या सेकंदातच समजलं का हा खरं बोलून राह्यला. अन् दुसऱ्या सेकंदात मी म्हटलं, "काहीही बोलू नका. उंदीर काय, कशानंही मरतात."

"मॅडम काम सोडून राह्यल्या. सांगून टाकू आपण."

"आपण? माही पक्की नोकरी आहे, चौकशी लागीन माह्यावर. अन् तुमचं तं कंत्राट आहे, उद्याच्या उद्या बाहेर. तुमची सुरभी याच आवारात नर्सिंग शिकते, हे विसरू नका."

सुरभी त्याईची एकुलती एक पोरगी, नुकती ॲडमिशन झालती. तिचं नाव घेतलं तसा त्याईचा चेहरा पडला. बापाच्या तोंडाले कुलूप लावाले पोरीचं नाव वापरणं, याले काय म्हणतात ते मले तवाही माहीत होतं. ते परत भांड्यांकडं गेले. अन् मले काय वाटलं असन? हायसं वाटलं. त्या दिवशी चहासोबत दोन समोसे खाल्ले म्या. ते समोसे मले अजून आठवतात.

एकोणीस दिवस तो माणूस चूप राह्यला. ज्यानं नऊ वर्षांत एक फुटका फ्लास्क लपवला नाई, त्याले म्या एकोणीस दिवस खोटं वागवाले लावलं. भांडी धुताना त्याईची मोजणी चुके. उंदी, रंड, मग थांबत, नळाकडं पाहत राहत. माह्याशी नजर देत नव्हते. खरं तं म्या द्यायले पायजे नव्हती, पण मी मस्त द्यायचो. मीच त्याईले दटावो, काय हो, लक्ष कुठं आहे?

विसाव्या दिवशी मॅडम स्टोअरात आल्या, खोके मागाले. चार वर्षांच्या वह्या बांधून ठेवायच्या होत्या. मी खोकं देल्लं, चिकटपट्टी देल्ली. पट्टीचं टोक काही केल्या सापडेना, नखानं खरवडता खरवडता मॅडमचे डोळे भरून आले. रूपरावजी दारात भांड्यांचा ट्रे घेऊन उभे होते. त्याईनं ट्रे खाली ठेवला.

"मॅडम, तुमचे फुगे फुटके नव्हते. दसऱ्याले म्या त्याईच्यासमोर दिवा लावलता."

मॅडम ओरडल्या नाई. चष्मा पुसला अन् विचारलं, किती वेळ? किती हात दूर? कागद काढला होता? कोणतं तेल? सगळं वहीत लिहून घेतलं. मग एक बाटलीभर औषध नव्यानं बनवलं, रूपरावजीले तसाच दिवा, तेवढ्याच अंतरावर, तेवढाच वेळ लावाले सांगतला अन् तपासणी केली. दसऱ्याच्या उरलेल्या बाटल्यांशी फुटलेल्या फुग्यांचा हिशेब हुबेहूब जुळला. मॅडम खुर्चीवर टेकल्या अन् म्हणाल्या, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं." तेच तेच तीनदा म्हणाल्या.

मग सरांकडं बोलावणं आलं. मी, मॅडम, रूपरावजी, तिघंही उभे. सरांचा पहिलाच सवाल, "किल्ली कोणी दिली?"

रूपरावजीनं माह्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, मागणंही नव्हतं. बिकर कोरडा झाला का नाई हे उजेडाकडं धरून पाहत, तसं पाहिलं फक्त. अन् म्हणाले, "ड्रॉवरातून म्याच काढली. भोयरबाबू घरी गेलते."

सरांनी माह्याकडं मान वळवली. "खरं आहे?"

तिथं मले एक 'नाई' म्हणाचं होतं. दोन अक्षरं. म्या म्हटलं, "हो सर, मी लवकर गेलतो."

त्याच दिवशी ठेकेदारानं त्याईले काढलं. जायच्या आधी त्याईनं ट्रेमधली उरलेली भांडी धुतली, पुसली, पालथी घातली. मी स्टोअरच्या खिडकीतून पाहत होतो. वाटलं, मांगं वळून पाहतीन तं आतून बाहेर जाईन अन् सांगून टाकीन. त्याईनं पाहिलं नाई. पाहिलं असतं तरी मी गेलो नसतो, आता कायले लपवू.

मॅडमनं औषध पुन्हा बनवलं. जानेवारीत उंदरांले देल्लं, यावेळी काळ्या खोलीले माह्यासमोर नवं कुलूप. लाल उजेडाची बारीक तार पोटात घातली अन् तीन आठवड्यांत गाठी चतकोर राह्यल्या. कातडी कोणाची भाजली नाई. मॅडमनं स्वतः सांगतलं, हे उंदरांत झालं आहे, बायांपर्यंत पोचायला अजून कितीतरी वर्षं, कदाचित पोचणारही नाही. तरी विभागात पेढे वाटले. माह्या वाटणीचा पेढा म्या रुमालात बांधून घरी नेला अन् तिथं पण खाल्ला नाई.

मागच्या आठवड्यात मॅडमचा प्रबंध छापून, बांधून आला. हिरवं कव्हर, सोनेरी अक्षरं. त्याईनं मले दोन प्रती आणून देल्ल्या. "एक तुमची. दुसरी रूपरावजींना पोचवाल का? त्यांचं नाव टाकायचं होतं मला, सरांनी काढायला लावलं. म्हणाले, चोरी करणाऱ्याचे आभार कसले. पण त्यांनी त्या दिवशी सांगितलं नसतं तर हे पुस्तक झालंच नसतं, एवढं त्यांना नक्की सांगा."

त्या गेल्यावर म्या आभाराचं पान उघडलं. इंग्रजीत आहे सगळं, पण एवढं मले वाचता येते. काळ्या खोलीची शिस्त काटेकोर सांभाळल्याबद्दल श्री. नागेश भोयर यांचे मनापासून आभार. म्या पुस्तक बंद केलं.

रविवारी कारंज्याले गेलो. रूपरावजी आता हायवेवरच्या एका ढाब्यावर भांडे घासतात. मी पोचलो तवा ते मागच्या बाजूले हौदापाशी बसले होते अन् स्टीलचे गिलास तीनदा विसळून राह्यले होते. ढाबेवाला मले म्हणे, "हे बुढे बाबा पाणी लय वाया घालतात, पण गिलास असा निघते का त्यात तोंड दिसते." मले पाहून रूपरावजी उठले, हात पुसले, अन् असे हसले का जणू काल भेटलो. मालकाले सांगून मले घरी घेऊन गेले.

सुरभी घरी आली होती, परीक्षेची सुट्टी. तिनं मले पाणी देल्लं, बसाले चटई टाकली. बापाशी एक शब्द बोलली नाई. ती आत गेल्यावर रूपरावजी हळूच म्हणाले, "होस्टेलात पोरी म्हणतात, किल्लीचोराची पोरगी. तिनं होस्टेल सोडलं, वर्ध्यात खोली घेऊन राहते. मले म्हणते, बाबा, मागून घेतली असती तं कोणी नाई म्हणलं असतं का? मी काय सांगू?"

दीड वर्षं. मले हे माहीतच नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं, असं म्हणणं जास्त बरोबर.

म्या निरोप सांगतला. औषध लागू पडलं. उंदरांच्या गाठी चतकोर राह्यल्या. मॅडम म्हणाल्या तुमच्याचमुळं. रूपरावजीनं हात जोडले, कोणाले ते समजलं नाई, मग डोळे पुसले. पुस्तक मांडीवर घेतलं, कव्हरवरून हात फिरवला. "इतकं मोठं झालं? बाबू, याच्यात काय काय आहे, थोडं वाचून दाखवा ना. लोकांची नावं असतात म्हणे पहिल्या पानांत."

म्या आभाराचं पान काढलं. अन् काय झालं मले, देव जाणे, म्या वाचलं, "काळ्या खोलीतलं खरं सांगितल्याबद्दल श्री. रूपराव उईके यांचे मनापासून आभार."

रूपरावजी पुढं सरकले. "माहं नाव आहे? कुठं? दाखवा."

म्या बोट ठेवलं. म्या जिथं बोट ठेवलं तिथं माहं नाव छापलेलं होतं. त्याईनं आपलं बोट तिथं टेकवलं, मग ते बोट कपाळाले लावलं. अन् आत हाक मारली, "सुरभी, इकडं ये गं. पाह्य, मॅडमनं मले लिहिलं आहे पुस्तकात."

सुरभी आली. तिनं पुस्तक घेतलं. मी चटईची एक काडी ओढत बसलो. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं.

"बाबा, इथं तुमचं नाव नाई. भोयरकाकाचं आहे."

रूपरावजीनं माह्याकडं पाहिलं. तेच पाहणं, बिकर उजेडाकडं धरल्यासारखं. मग पोरीले म्हणाले, "हाव, म्याच बोट चुकीच्या जागी ठेवलं असन. काका दुसऱ्या पानावरचं वाचून राह्यले होते."

दुसऱ्यांदा. त्याच माणसानं दुसऱ्यांदा मले झाकलं.

सुरभीनं पुढची पानं उलटली, मागची उलटली. पुस्तक मिटून बापाच्या मांडीवर ठेवलं. "कोण्याच पानावर नाई. कायले असन? चोराचं नाव कोण छापते?"

रूपरावजी खाली पाहून हळूहळू कव्हर पुसत राह्यले. ते काहीच बोलणार नव्हते. मी आजही चूप राह्यलो असतो तं ते मरेपर्यंत बोलले नसते, हे मले त्या क्षणी दिसलं.

म्या म्हटलं, "सुरभी, किल्ली तुह्या बापानं चोरली नाई. म्या देल्ली. त्याईनं तीनदा विचारलं, म्या तीनदा सांगतलं दिवा लावा, कागद काढा. मग सांगू नका म्हणून दम देल्ला. तुहं नाव घेऊन दम देल्ला. अन् सरांसमोर ते माह्यासाठी खोटं बोलले, म्या ते खोटं खरं केलं. अन् आत्ता जे वाचलं तेही खोटं वाचलं."

बोलताना माहा आवाज रडका झाला. मले स्वतःचाच राग आला, रडायचा हक्क माहा नव्हता.

सुरभी उभीच होती. तिनं माह्याकडं नाई, बापाकडं पाहून विचारलं, "बाबा, काऊन?"

रूपरावजी म्हणाले, "दिवा तं म्याच लावलता ना, माय. उंदीर माह्यानं मेले. एकाचं नाव खराब होणारच होतं, दोघांचं कायले?" मग म्हणाले, "पण तुले बोलतीन, हे नव्हतं ध्यानात आलं माह्या."

ती त्याईच्या बाजूले बसली. दीड वर्षानं बसली असन. मग उठली, आपल्या पिशवीतून पेन आणला अन् माह्यासमोर धरला. "काका, खोडा. अन् लिहा. अन् उद्या कॉलेजात पण लिहून द्या."

"उद्याच देतो," म्या म्हटलं.

पुस्तक घेतलं. माह्या नावावर रेघ मारली, चांगली जाड, दोनदा. वर लिहिलं, रूपराव उईके. मराठीत लिहिलं, मोठ्या अक्षरात. 'रू'ची शेपटी लांबली. पुस्तक त्याईच्या मांडीवर ठेवलं.

त्याईनं बोट ठेवलं. एकेका अक्षरावरून सरकवत, ओठ हलवत शेवटपर्यंत नेलं. मग माह्याकडं पाहून म्हणाले, "एवढं मले वाचता येते बाबू."